इंदुरातील मराठी वर्ग : हजेरीपट, हस्तलिखित आणि स्नेहसंमेलन



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी आजवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांच्या एका कामाचा उल्लेख मात्र माझ्या ऐकण्यात आला नाही. शाळेची जुनी इमारत सोडताना अडगळीच्या खोलीतील हजेरीपट, दाखिल-खारिजची जाडजूड रजिस्टरे आणि विद्यार्थ्यांची हस्तलिखिते रद्दीत द्यावयाची ठरली होती. त्यांनी ती दिली नाहीत. एका लोखंडी कपाटात भरून त्याची किल्ली स्वतःजवळ ठेवली. गेल्या वर्षी ते कपाट उघडून पाहण्याची परवानगी मला मिळाली, आणि आजचा विषय त्यातूनच निघाला.

आपल्याकडे शाळेचा इतिहास लिहितात तो इमारतींचा, देणगीदारांचा, मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींचा आणि निकालाच्या टक्केवारीचा असतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडावी तर पहिली वीस पाने संदेशांची. या सगळ्यात 'वर्ग' नावाची जी गोष्ट विद्यार्थ्याच्या आठवणीत आयुष्यभर राहते, ती कोठेच सापडत नाही. पाचवीत पहिल्या बाकावर कोण बसे, मॉनिटर कसा निवडला जाई, संमेलनात स्त्रीपार्टी कोणी केला, निरोपाच्या दिवशी कोण रडले, हे इतिहासाचे विषय नव्हेत अशी आपली समजूत आहे. अमेरिकेत ती तशी राहिली नाही. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने १९२४-२५ मध्ये इंडियाना राज्यातील मन्सी या लहानशा गावाचा अभ्यास केला आणि १९२९ मध्ये 'मिडलटाऊन' या नावाने तो प्रसिद्ध केला. गावच्या सामाजिक जीवनाचे केंद्र हायस्कूल झाले आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या सामन्याला सारा गाव लोटतो, हे त्यांनी गंभीरपणे नोंदविले. तिकडे विद्यार्थी उत्तीर्ण झाला की तो जन्मभर 'अमुक सालच्या वर्गाचा' म्हणून ओळखला जातो. वर्गाची अंगठी असते, वर्गाचे छापील वार्षिक असते, दर दहा वर्षांनी वर्गाचा मेळावा असतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात १८३५ साली सुरू झालेली अंगठीची चाल पुढे गावोगावच्या हायस्कुलांत गेली. आपल्या वर्गाला अंगठी नव्हती. होते ते वेगळे होते, आणि ते कसे आले, कोणाकोणाकडून आले व पुढे कोणाकडे गेले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, 'वर्ग' ही आपली जुनी वस्तू नाही. पंतोजींच्या शाळेत वर्ग नव्हते. दहा मुले असली तर दहा ठिकाणी दहा अभ्यास चालत. एक धुळाक्षरे गिरवी, एक औटकी म्हणे, एक मोडीचा कित्ता वळवी. थोरला मुलगा धाकट्याला सांगे. या थोरल्या मुलाची कथा मोठी गमतीची आहे. मद्रासच्या एका लष्करी अनाथालयाचे काम पाहणारे अँड्र्यू बेल नावाचे पाद्री यांनी देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे काढून एकमेकांस शिकविताना पाहिली, ती रीत आपल्या अनाथालयात आणली, आणि १७९७ मध्ये लंडनला पुस्तिका काढून तिचा प्रसार केला. इंग्लंडातील गरिबांच्या शाळा काही दशके याच पद्धतीवर चालल्या. तिकडे त्या मुलाला 'मॉनिटर' म्हणू लागले, आणि तोच मॉनिटर पुढे साहेबाचा पोशाख करून आपल्या शाळांत परत आला. फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावे लिहिणाऱ्या ज्या मॉनिटरचा आपण सर्वांनी मनापासून द्वेष केला, तो मूळचा आपल्याच पंतोजींच्या ओसरीवरचा होता.

इंदुरात इंग्रजी पद्धतीचे शिक्षण आले ते १८४० च्या दशकातील मदरशाने. रेसिडेंटांचा पुढाकार आणि दरबारचा पैसा असा तो मेळ होता. दुसरे तुकोजीराव यांची कारकीर्द १८४४ ते १८८६ अशी दीर्घ झाली, आणि तिच्या अखेरीपर्यंत या शहरात शिक्षणाचे निरनिराळे ओघ दिसू लागले. राजपुत्रांसाठी डेली कॉलेज, जे नाव सर हेन्री डेली यांच्यावरून पडले. मिशनऱ्यांचे ख्रिश्चन कॉलेज, जे १८८७ मध्ये निघाले. आणि दरबारच्या शाळांचा तिसरा ओघ, ज्याच्या माथ्यावर शिवाजीराव महाराजांनी १० जून १८९१ रोजी होळकर कॉलेज स्थापिले. मराठी कुटुंबांतील बहुतेक मुले या तिसऱ्या ओघातील. दरबारी कारकून, खासगीकडील मंडळी, वकील, वैद्य, भिक्षुक यांची ही मुले. आईबाप बोलत मराठी, बाजार चाले माळवीत आणि हिंदीत, आणि परीक्षा होई दूरच्या विद्यापीठाची. पूर्वी ती कलकत्त्याची असे, मग अलाहाबादची झाली. १९२१ मध्ये संयुक्त प्रांताचे बोर्ड झाले तेव्हा मध्य हिंदुस्थान त्याच्या कक्षेत आला, आणि १९२९ पासून राजपुताना, मध्य हिंदुस्थान व ग्वाल्हेर यांचे बोर्ड अजमेरला बसले. पुढे १९५२ साली याच अजमेरच्या बोर्डाचे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ झाले, हे आज त्या मंडळाच्या शाळांतून मुले पाठविणाऱ्या पालकांना बहुधा ठाऊक नसते.

याचा वर्गाच्या जीवनावर एक परिणाम झाला. पुण्या-मुंबईच्या दोन पिढ्या एकत्र बसल्या की पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणू लागतात. अत्र्यांची 'नवयुग वाचनमाला' असो वा १९६७ नंतरची 'बालभारती' असो, तेथे पुस्तकाने सबंध पिढीला एक सामाईक आठवण दिली. आम्हांला ती सोय नव्हती. आमचा अभ्यासक्रम कधी अलाहाबादला, कधी अजमेरला आणि अखेर भोपाळला ठरला. त्यामुळे पुण्याच्या मुलाला जे पुस्तकाने दिले ते इंदूरच्या मराठी मुलाला वर्गाच्या चालीरीतींनी द्यावे लागले. आमचा सामाईक ठेवा म्हणजे पाटीपूजन, हस्तलिखित आणि गॅदरिंग. माझ्या मते आपल्या शाळांत या गोष्टींना महाराष्ट्रापेक्षाही अधिक महत्त्व आले, त्याचे कारण हे आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. वर्गाच्या आठवणी गोड असतात, पण त्या वर्गात बसावयास मिळालेल्यांच्या असतात. होळकर कॉलेज निघाले त्याच वर्षी, दोन महिने आधी, १४ एप्रिल १८९१ रोजी, येथून बावीस-तेवीस किलोमीटरवरील महूच्या छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब माळवा सोडून कोकणात आणि मग साताऱ्यास गेले. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवले, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पण रजिस्टरात नाव असणे आणि वर्गात असणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे, आणि शिपायाने तोटी सोडली तरच त्याला पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलाच राहावे लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. महू आमच्या इतक्या जवळ, की आमच्या वर्गाची सहल तेथे जात असे. त्या सहलीत हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. कपाटातील जुने हजेरीपट चाळताना मी आडनावे पाहत गेलो. पहिल्या काही रजिस्टरांत ती अशी एकाच गोतातील आहेत की, त्यावरून शाळेचा नव्हे, दोन-चार गल्ल्यांचा हजेरीपट वाचतो आहोत असे वाटावे. रामबाग, नारायणबाग, लोधीपुरा. पुढे हळूहळू गिरणीच्या वस्तीतील नावे येऊ लागतात, मग मुलींची, मग अमराठी. हा क्रम कोणत्याही स्मरणिकेत लिहिलेला नाही. हजेरीपटात तो आहे.

आता भाषेकडे वळू. इंदूर हे दोन भाषांचे शहर आहे हे सांगावयास मोठ्या पुराव्याची गरज नाही, तरी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९१७ मध्ये येथे मराठी साहित्य संमेलन भरले, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. लगोलग १९१८ मध्ये हिंदी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. १९३५ साली तर दोन्ही संमेलने एकाच वर्षी इंदुरात झाली. मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. त्या काळच्या मराठी विद्यार्थ्याला दोन्ही मांडवांत स्वयंसेवक म्हणून उभे राहण्यात काही विरोध वाटला असेल असे मला वाटत नाही. भाषा हा प्रश्न व्हावयास राज्य जावे लागले.

राज्य गेले ते १९४८ मध्ये. २८ मे रोजी मध्य भारत झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तोही नव्या मध्यप्रदेशात विलीन झाला. दरबारची मराठी आता अल्पसंख्याकांची भाषा झाली. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरविले होते की, एखादी भाषा बोलणारी चाळीस मुले शाळेत किंवा दहा मुले एका वर्गात असतील, तर त्या भाषेतून प्राथमिक शिक्षण देण्यासाठी शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घातले आणि मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची अपेक्षा राज्यांवर आली. आपल्या संस्थाचालकांना ही कलमे त्या वेळी तोंडपाठ होती. 'दहा' हा आकडा तर विशेष. वर्ग म्हणजे काय, याची सरकारने केलेली व्याख्या म्हणजे दहा मुले. नऊ झाली की वर्ग नाही. जून-जुलै महिन्यांत शिक्षक घरोघर हिंडून मुले गोळा करीत ते या दहासाठी. मी स्वतः त्या दहांपैकी होतो. मला दुसऱ्या शाळेत घालण्याचे वडिलांनी जवळजवळ निश्चित केले होते. एका संध्याकाळी बाई घरी आल्या, आईजवळ स्वयंपाकघरात बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझे नाव येथे दाखल झाले. त्या दोघींचे काय बोलणे झाले हे मला कधीच कळले नाही.

पण दहांची सोय प्राथमिकपुरती. सहावीत आमच्या वर्गाचे माध्यम हिंदी झाले. हे संकट होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण खेळाच्या मैदानावर आम्ही हिंदीच बोलत होतो. 'छुट्टी' आणि 'सुट्टी' यांत आम्हांला फरक वाटत नव्हता, आणि आमच्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसत. अडचण आली ती गणितात. फळ्यावर सर 'दो दूनी चार' म्हणत, आणि आम्ही मनात 'बे दुणे चार' म्हणून उत्तर हिंदीत देत असू. पन्नासाहून अधिक वर्षे हिंदीत व्यवहार केलेले आमचे वर्गमित्र अजूनही हिशेब मराठीत करतात, याची मी खात्री करून घेतली आहे. १९६८ मध्ये आम्ही अकरावीची हायर सेकंडरी परीक्षा दिली तेव्हा मराठी आमच्याकडे एक विषय म्हणून उरली होती. पुढे शाळेतील मराठी माध्यमाचे प्राथमिक वर्गही एकामागून एक बंद झाले. ते कोणी बंद केले, असे विचारले तर कोणाचे नाव घेता येणार नाही. सरकारने बंद केले नाहीत. आम्हीच आमची मुले इंग्रजी शाळेत घातली, आणि दहाचे नऊ झाले. येथे बसलेल्यांपैकी बरेच जण, मी धरून, त्या घटीत सामील आहेत. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन पुन्हा इंदुरात भरले. मांडवातील गर्दी पाहून आम्ही हरखलो होतो. त्या गर्दीत शाळेच्या वयाची मुले किती, हे मोजावयाचे कोणालाच सुचले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर अभिनंदनाचे संदेश येत होते, आणि त्यांतील अर्धेअधिक हिंदीत होते.

माध्यम गेले तरी चाली राहिल्या, आणि येथून माझ्या विषयाचा मनोरंजक भाग सुरू होतो. शाळेचे वर्ष दोन पंचांगांवर चाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाट्या घासून कोरड्या करावयाच्या, त्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढावयाची आणि खंडेनवमीला त्यांची पूजा. हिंदी शाळांत सरस्वतीपूजन वसंतपंचमीला. आमच्याकडे दोन्ही होऊ लागले, आणि विद्यादेवीची वर्षातून दोनदा पूजा करूनही गणिताचे निकाल सुधारले नाहीत, असे एक गणिताचे शिक्षक दरवर्षी न चुकता म्हणत. मुलींचे त्याहून सुंदर. पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, फुले चिकटवितात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. तो पंधरवडा संपला की नवरात्रात आमच्याकडे भोंडला. शाळेच्या अंगणात हत्तीचे चित्र पाटावर ठेवून फेर धरला जाई, आणि फेरात शेजारच्या माळवी मुली असत. खिरापत ओळखण्याच्या खेळात त्या नेहमी जिंकत, असे माझी थोरली बहीण सांगे. संजेची गाणी मराठी मुलींना आणि भोंडल्याची गाणी माळवी मुलींना पाठ होती. यावर कोणी प्रबंध लिहिला असल्यास तो माझ्या पाहण्यात नाही. लिहावा असे मात्र वाटते, आणि गाणाऱ्या बायका हयात आहेत तोवर लिहावा.

गणेशोत्सव तर शहराचाच. लोकमान्यांनी १८९३ मध्ये त्याला दिलेले सार्वजनिक रूप येथील मराठी वस्त्यांनी लवकरच उचलले, आणि पुढे अनंतचतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या निघू लागल्या. हुकुमचंद, माळवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशी गिरण्यांची नावे घेऊन आम्ही पैजा लावीत असू. शाळेचा गणपती लहान, पण त्याची आरास वर्गावर्गांत वाटलेली असे, आणि आठवीच्या वर्गाने कागदी लगद्याचा हत्ती केला तर नववीने हलणारा हत्ती करावयाचाच. गिरणीकामगारांची मुले वर्गात आल्यानंतर आरास फिरू लागली, हालू लागली, तिच्यात दिवे लागले. कारण त्यांचे वडील झांक्यांचे यंत्रकाम करीत. भिक्षुकांच्या मुलांनी मंत्र म्हणावयाचे आणि त्यांनी मोटर बसवावयाची, ही वाटणी कोणी केली नव्हती. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, त्यानंतरच्या काही वर्षांच्या दाखिल-खारिज रजिस्टरांत 'खारिज'च्या रकान्यात 'स्थलांतर' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

परंतु वर्षाचा कळस म्हणजे स्नेहसंमेलन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत 'सोशल गॅदरिंग' सुरू झाले, साहेबाकडून आलेल्या त्या शब्दाला कोणीतरी 'स्नेहसंमेलन' असा सुंदर प्रतिशब्द दिला, आणि तेथून ते शाळांत उतरले. इंदूरच्या मराठी शिक्षकांनी ते येथे आणले असावे. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. उत्तर प्रदेशातील हिंदी शाळेत जा, तेथे 'वार्षिकोत्सव' असतो. मध्यप्रदेशात मात्र हिंदी शाळा-कॉलेजांच्या निमंत्रणपत्रिकांवर तुम्हांला 'स्नेह सम्मेलन' हा शब्द दिसेल. ज्यांचा मराठीशी काही संबंध नाही अशा गावांतही दिसेल. हा शब्द नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, देवास येथील मराठी शिक्षकांच्या हातून तेथे गेला असावा असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, पण दुसरे स्पष्टीकरण मला सुचत नाही. आपले वर्ग बंद झाले, आणि आपल्या वर्गाचा शब्द साऱ्या प्रांताने आपला म्हणून वापरावयास घेतला.

संमेलनाच्या दिवशी फिशपॉंड असत. शुद्ध बोलणारे 'शेलापागोटे' म्हणत, पण तसे म्हणणारे एकदोघेच. पेटीत चिठ्ठ्या टाकावयाच्या, कोणी लिहिली ते कळू द्यावयाचे नाही, आणि सर्वांसमक्ष वाचावयाच्या. हिंदी शाळांत निरोपाच्या वेळी मोठ्या वर्गाला 'टायटल' देतात, अमेरिकेतील छापील वार्षिकांत यशस्वी होण्याची सर्वाधिक शक्यता असलेला विद्यार्थी निवडतात. वर्गाला आपल्यातील प्रत्येकास एक ओळीत बसविण्याची हौस सर्वत्र सारखीच दिसते. त्यांत क्रौर्यही असे, हे नाकारू नये. आमच्या वर्गातील एका मुलीला तिच्या बोलण्यातील अडखळण्यावरून फिशपॉंड पडला. सभागृह हसले. ती त्यानंतर संमेलनाला कधी आली नाही, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यालाही नाही. चिठ्ठी कोणी लिहिली होती हे वर्गात सर्वांना ठाऊक होते. ती मी लिहिली होती.

संमेलनातील नाटकाविषयी निराळे व्याख्यान द्यावे लागेल. एवढेच म्हणतो की बाबा डिके यांच्या 'नाट्यभारती'सारख्या संस्था या शहरात उभ्या राहू शकल्या, त्यांना नट आणि प्रेक्षक दोन्ही या शाळांच्या गॅदरिंगांनी तयार करून दिले होते. खाकी चड्डीवर आईचे लुगडे नेसून उभा राहिलेला मुलगा पुढे हिंदी रंगभूमीवर गेला, तेव्हा त्याच्या उच्चारात मराठी राहिली आणि अभिनयात गॅदरिंग राहिले. दुसरे काही बरे, पहिले नव्हे.

हस्तलिखिताचे मात्र थोडे विस्ताराने सांगतो, कारण कपाटात ती आहेत. जाड कागद, दोरीने शिवलेली पाने, सुवाच्य अक्षर असलेल्या दोघा-तिघांनी केलेले लेखन, दोन लेखांच्या मध्ये पातळ बटर पेपर. वाचनालयाच्या टेबलावर आठ दिवस ठेवावयाचे आणि मग कपाटात. प्रत एकच, त्यामुळे वाचक फार तर शे-दोनशे. चित्रे मात्र थक्क करणारी. यात नवल नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये या शहरात चित्रकलेची शाळा सुरू केली, आणि नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर तीतून तयार झाले. अशा गावातील ड्रॉइंग मास्तर मुलांकडून गुलाबाचे फूल काढवून घेऊन समाधान मानणार नव्हते. एका हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, आणि त्यांचे पाण्यातील प्रतिबिंब इतके स्वच्छ आहे की त्या काळी कान्ह नदी नदी होती हे त्यावरून कळते. आतील मजकूर सामान्य आहे. पावसावरच्या कविता, 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त', शिवाजीमहाराजांवर निबंध. पण वर्षे पुढे सरकतात तशी अनुक्रमणिका बदलते. प्रथम संपूर्ण मराठी. मग अखेरीस 'हिंदी विभाग', चार पानांचा. मग दोन्ही समसमान. मग मराठी विभाग अखेरीस, चार पानांचा. शेवटच्या हस्तलिखितात मराठीचे एकच पान आहे, आणि त्यावर एका मुलीने आजीची पुरणपोळीची कृती लिहिली आहे. अक्षर सुरेख आहे.

राहिला वर्गाचा फोटो. छायाचित्रणाशी या शहराचा संबंध जुना आहे. पुढे राजा म्हणून प्रसिद्धी पावलेले लाला दीनदयाळ १८६६ पासून इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीस होते, येथेच १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि त्यांना उत्तेजन देणाऱ्यांत डेली साहेब व तुकोजीराव महाराज हे दोघेही होते. दरबाराचा फोटो कसा घ्यावयाचा याचे जे शास्त्र त्या काळात बसले तेच आमच्या वर्गाच्या फोटोला लागले. मध्ये मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना दर्जाप्रमाणे शिक्षक, खुर्च्यांच्या मागे उभे विद्यार्थी, पुढे जाजमावर मांडी घालून बसलेले लहान चणीचे. खाली पुठ्ठ्यावर नावे: 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', 'उभे, पहिली रांग'. दरबारात जशी मानाची जागा तशी येथे. मधल्या खुर्चीजवळ उभे राहावयास मिळावे म्हणून आम्ही कोपराने ढकलाढकल करीत असू, आणि फोटोत जो मुलगा हलून पुसट झालेला आहे त्याला कोणी ढकलले हे आजही सांगता येते.

कपाटात असे एकेचाळीस फोटो निघाले. त्यांतील बऱ्याचशा मुलांची नावे छापलेली आहेत, आणि जेथे कसर लागून अक्षरे गेली तेथे रजिस्टरावरून पुष्कळशी लावता आली. एक नाव मात्र कोणत्याच पुठ्ठ्यावर नाही. जवळजवळ प्रत्येक फोटोत अगदी उजव्या टोकाला, शेवटच्या मुलापासून एक हात अंतर सोडून, शाळेचा शिपाई उभा आहे. सुरुवातीच्या सोळा फोटोंत एकच माणूस आहे, त्याचे केस फोटोगणिक पांढरे होत जातात. हाती पितळी घंटेचा लाकडी टोला. तोच आम्हांला मधल्या सुट्टीत माठातले पाणी ओगराळ्याने ओंजळीत घालीत असे. आम्ही त्याला 'मामा' म्हणत होतो, आणि त्यापलीकडे त्याचे नाव मला, माझ्या वर्गमित्रांना किंवा शाळेच्या दप्तराला ठाऊक नाही.

सर्व फोटो बाहेर व्हरांड्यात टेबलांवर मांडून ठेवले आहेत. प्रत्येकाशेजारी कोरा कागद आणि पेन्सिल आहे. चहाला निघण्यापूर्वी आपापला वर्ग पाहून घ्यावा, राहिलेली नावे लिहावीत, आणि ज्या कोणाला मामांचे नाव आठवत असेल त्यांनी ते पहिल्या टेबलावरच्या कागदावर लिहावे.